दोन परस उंचीची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी घडीची शिडी आहे. आहे म्हणते खरी, पण शपथेवर विचाराल तर मला नीट सांगता येणार नाही. बांबूच्या शिडीला कुणी विचारत नाही, बाई तू कोण. भिंतीला टेकवली की ती शिडी, मोडली की सरपण. माझं तसं नाही. माझे चार तुकडे आहेत आणि ते बिजागऱ्यांनी जोडलेले आहेत. सगळे सरळ केले की मी शिडी. मधोमध वाकवून उभी केली की रंगारी मला घोडी म्हणतात. दोन्ही टोकं खाली वळवली की माझी माची होते, वर फळी टाकली की दोन माणसं बसून सुपारी खातील. नुसतं डोकं वाकवलं की भिंतीपासून हातभर लांब उभी राहते. आणि घडी घातली की सिमेंटच्या पोत्यामागं मावते. आता ह्यातली खरी मी कोणती? घडवणाऱ्यानं सांगितलं नाही, आणि मला तोंड नव्हतं म्हणून मी विचारलं नाही. नाहीतर सोडलं नसतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. कोणत्या गावच्या ते विचारू नका, मला भान आलं तेव्हा मी पुठ्ठ्यात होते. एवढं आठवतं की एका माणसानं माझी एकेक बिजागरी उघडली, मिटली, परत उघडली आणि कान लावून ऐकलं. बिजागरी पुरती उघडून तिचा लॉक बसला की टक्क असा आवाज होतो. तो आवाज म्हणजे माझा जीव. टक्क झालं की माझ्यावर हत्ती चढवा. टक्क झालं नाही तर मी नुसती अॅल्युमिनियमची भांडीकुंडी समजा.

तिथून मी आले तेलगावला, सुग्रीवशेटच्या दुकानात. साल दुष्काळाचं होतं. दुकानातून ड्रम जायचे, नायलॉनचा दोर जायचा, पाइप जायचे. माझ्याकडं कुणी ढुंकून बघेना. खायला दाणा नाही तिथं घराला रंग कोण देतो? मी कोपऱ्यात उभी राहून विचार करायची, मला इथं आणलंच कशाला.

मग एक दिवस भिवराबाई आली. डोक्यावर पदर घट्ट, पायात टायरच्या चपला, आणि बोलणं असं की दुकानातला तराजूसुद्धा सरळ उभा राहील.

"शिडी दाव," ती म्हणाली.

"कशाला पाहिजे, मावशी?"

"घरकामाला."

"म्हंजी रंगाला, का पंखा बसवायला, का पत्र्यावर चढायला? कामाकामाची शिडी येगळी असती."

"सगळ्याला. मी शिडी घ्यायला आले का सोयरीक जमवायला? लई चवकशी करतो तू."

सुग्रीवशेटनं बांबूची दाखवली. तिनं नुसती हलवून बघितली आणि ठेवून दिली. लोखंडी दाखवली. ती म्हणाली, "ही पान्यात गंजंल."

"घरात पानी कुठून आलं, मावशी?"

"पाऊस येत न्हाई का?"

"औंदा?"

"औंदा न्हाई तर फुडच्या साली यील. तू कावून रडतो?"

शेट हसला आणि पुठ्ठा सोडून त्यानं मला बाहेर काढलं. माझी घोडी करून दाखवली, माची करून दाखवली, डोकं वाकवून दाखवलं. पुठ्ठ्यावर टोपी घातलेल्या माणसाचं चित्र होतं, तो माझ्यावर उभा राहून हसत होता. भिवराबाईनं ते चित्र बघितलं. "ह्याला हसाया काय झालं? ह्याच्या डोक्यावर काईच न्हाई म्हनून हसतोय."

"उंची किती पाहिजे?" शेटनं विचारलं.

"दोन परस," ती म्हणाली.

मित्रांनो, परस म्हणजे एक उभा माणूस. आमच्या बीडकडं त्या मापानं खोली मोजतात. आणि खोली मोजतात ती विहिरीची. घराची कुणी मोजत नाही. सुग्रीवशेट तिच्याकडं बघतच राहिला.

"मावशी, परस तर हिरीला म्हनतेत."

"आमच्या वाडीला घरालाबी म्हनतेत," ती फटकन म्हणाली. पण तिचा चेहरा उतरलेला मला दिसला.

मग तिनं आणखी नवल केलं. दुकानात भरलेली घागर होती ती डोक्यावर घेतली, एका हातानं धरली आणि माझ्या पायऱ्या चढायला लागली. शेट ओरडला, "दोनी हातानं धरा, मावशी!"

"मग घागर तू धरतो का?"

ती वरपर्यंत गेली, खाली आली. घाम पुसून म्हणाली, "हिची घडी होती ना? म्हंजी काम झालं की घरी नेता यील. दुसऱ्या कुनाच्या हाती लागायची न्हाई. हीच दे."

मला काही कळेना. रंग द्यायचा, पाण्यात गंजायला नको, डोक्यावर घागर, आणि उंची परसात. हे घर तरी कसलं असेल?

जीपच्या टपावरून मी वाडीला आले. घर दिसलं. चांगलं दोन खोल्यांचं, चुन्याचे पोपडे निघालेलं, दाराशी दोन म्हशी. मला हायसं वाटलं. म्हटलं, आता रंग. पण भिवराबाईनं मला दारात टेकवलंसुद्धा नाही. सुनेला हाक मारली, "मनकर्णे, चल," आणि दोघींनी मला खांद्यावर घेतलं. घर मागं राहिलं. गोठा मागं राहिला. वाडी मागं राहिली. आणि समोर आली ती विहीर.

ही विहीर सोसायटीची. वाडीतल्या माणसांनी मागं कधीतरी शेअर भरून पाण्याची सोसायटी काढली, विहीर खोदली, ऊस लावायचा बेत केला. भिवराबाईचा नवरा त्यातला पहिला सभासद. ऊस वाळला, मोटर गेली, भिवराबाईचा नवरा गेला. उरली ती पाटी, एक चेअरमन, आणि विहिरीभोवतीचं लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली चेअरमन राधाकिशनकडं. तो फक्त सभासदांच्या घरच्यांना आत सोडायचा.

विहिरीच्या वरच्या दगडी पायऱ्या निम्म्यापर्यंत धड होत्या. खालच्या ढासळलेल्या. तिथून बुडापर्यंत दोन परस नुसती भिंत, आणि बुडात ओंजळीएवढा झरा. मनकर्णा दोराला धरून उतरायची, सासू वरून दोर सोडायची. मुलगा ऊसतोडीला लांब कारखान्याकडं गेलेला, घरात ह्या दोघीच. माझ्या येण्याच्या थोडं आधी दोर हातातून निसटला आणि मनकर्णा घसरत गेली. कोपर फुटलं. भिवराबाईनं हळद भरली आणि कुणाला सांगितलं नाही. पहिल्या सभासदाची सून दोराला लोंबकळून पाणी आणते, हे बाजारात कसं बोलायचं? म्हणून घरकाम.

पण हे मला तेव्हा कुठं ठाऊक? मला सरळ केलं, टक्क टक्क लॉक बसले, माझं वरचं टोक धड पायऱ्या संपतात तिथल्या मोटरीच्या जुन्या गर्डरला दोरानं बांधलं. "दुकानातल्या वस्तूचा काय भरवसा," असं म्हणून भिवराबाईनं दोराला आणखी एक गाठ मारली. आणि मी खाली गेले. मित्रांनो, शिडीनं माणसाला वर न्यायचं असतं. मी पहिल्याच दिवशी मनकर्णाला खाली नेलं. माझे पाय चिखलात आणि डोकं अंधारात. मला वाटलं, ह्यांनी मला उलटी तर लावली नाही ना?

तरी खरं सांगते, मनकर्णा घागर घेऊन वर आली तेव्हा माझं कौतुक झालं. ती म्हणाली, "आत्याबाई, हात मोकळा ऱ्हायला." भिवराबाई नुसती "हं" म्हणाली. तिचं हं म्हणजे दुसऱ्याचा हार समजा.

राधाकिशन फाटकाशी उभा होता. म्हणाला, "वहिनी, शिडी हितंच ऱ्हाऊ द्या. हीर सोसायटीची, म्हंजी हिरीतलं समदं सोसायटीचं."

"मग मनकर्णाबी सोसायटीची का? तीबी आत्ता हिरीतूनच आली."

बायका हसल्या. शेजारची वत्सलाबाई दोर घेऊन बसली होती. ती हळूच म्हणाली, "माय, माझ्या दोन घागरी काडू देतीस का?"

"तुझा दोर हाय ना?" भिवराबाई म्हणाली, आणि माझी घडी घालून मला घरी घेऊन गेली.

रोज हेच. रोज उघडायचं, उतरवायचं, मिटायचं, घरी न्यायचं. कुणाला द्यायचं नाही म्हणजे नाही. चिखल माझ्या पायाला लागला, मग पायऱ्यांना, मग बिजागऱ्यांत शिरला आणि वाळला. मला धुवायला पाहिजे होतं. पण धुवायला पाणी लागतं, आणि पाण्यासाठी तर मी. ह्यातून वाट कशी काढायची ते मला समजेना, आणि भिवराबाईला ते सुचलं नाही. टक्क आवाज बारीक होत गेला.

मग एका सकाळी मला उघडताना राधाकिशन परत आला. म्हणाला, घडीची शिडी विहिरीत लावायची तर चेअरमनला विचारून लावायची. झालं. भिवराबाईचं तोंड सुटलं.

"तू चेअरमन कशाचा? वाळल्या उसाचा? माझ्या मालकानं शेअर भरला तवा तू नाक पुसत हिंडत व्हतास!"

"वहिनी, तोंड सांभाळा!"

"तोंड माझं हाय, सोसायटीचं न्हाई!"

बोलता बोलता तिनं माझा मधला जोड उघडला. लॉक बसला नाही. मातीनं अडवला. टक्क झालं नाही. पण भांडणाच्या आवाजात ते कुणाला कळणार? मी वरून सरळ दिसत होते. आतून मी अर्धी शिडी आणि अर्धी घोडी होते, आणि ओरडायला मला तोंड नव्हतं. मनकर्णा माझ्यावरून उतरली तेव्हा मी कशीबशी तग धरली. म्हटलं, रिकामी आहे, हलकी आहे. पण येताना डोक्यावर भरली घागर होती.

ती मधल्या जोडाच्या वर आली आणि मी मधोमध दुमडले. खालचा अर्धा भाग चिखलातून सुटून मागं वळला, वरचा दोराला लोंबकळून भिंतीवर आदळला. घागर खाली गेली. मनकर्णा माझ्या पायरीला दोन्ही हातांनी लटकलेली. "आत्याबाई!" एवढंच ओरडली.

भांडण तिथंच टाकून भिवराबाई धावली. ती ढासळल्या पायऱ्यांच्या कडेशी पालथी पडली, हात खाली सोडला. हात पुरत नव्हता. तेवढ्यात वत्सलाबाईचा दोर खाली आला. ज्या दोरावरून तिला टोमणा मारला होता, तोच. "कंबरंला बांद, पोरी! एका हातानं धर, घाबरू नको!" वत्सलाबाईनं पाय दगडाला लावले, भिवराबाईनं तिच्या मागं दोर धरला, आणि राधाकिशननंसुद्धा धरला, हे सांगितलं पाहिजे. मनकर्णा वर आली.

भिवराबाईनं तिला विचारलं, "घागर कुटाय?" मग तिच्या लक्षात आलं आपण काय विचारतोय. तिनं सुनेच्या तोंडावरून पदर फिरवला आणि फिरवतच राहिली.

मग ती उठली. मला वर ओढलं, तशीच चिखलाची, अर्धवट दुमडलेली, आणि फरफटत नेऊन सोसायटीच्या कचेरीत मधोमध उभी केली. मी तिथं कोणत्या रूपात उभी होते, देव जाणे. भिवराबाई माझ्याशेजारी भुईवर बसली. वाडी गोळा झाली.

"माझी सून हिरीत उतरती," ती म्हणाली. ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्या घरची सून. रोज. मी बाजारात घरकाम म्हनून सांगितलं. शिडी घराची निघाली, आन पोरगी आज गेली असती. आता हिरीच्या भिंतीत उतरायला लोखंडी कड्या ठोका. मी उठत न्हाई."

"लोखंड कुठून आनायचं, वहिनी?" राधाकिशनचा आवाज खाली आला होता.

"फाटक हाय की. आत पानी न्हाई तर कुलूप कशाचं राखन करतंय? त्याचेच गज कापा."

"मग सभासद नसलेलेबी येतील."

भिवराबाईनं वत्सलाबाईकडं बघितलं. वत्सलाबाईच्या घरचा शेअर नव्हता. ती फाटकाबाहेरून दोर घेऊन यायची आणि कुणीतरी सोडलं तर आत यायची. "येऊ दे," भिवराबाई म्हणाली. "आज एक बाहेरचीच आत व्हती म्हनून बरं झालं."

वेल्डिंगवाला आला. फाटकाचे गज कापले, वाकवले, भिंतीत सिमेंटनं बसवले. सगळ्यांत आधी कोण उतरणार म्हणून बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, तेव्हा भिवराबाई म्हणाली, "वत्सला, तू." मग मनकर्णा. तिची घागर भरून आली तेव्हा भिवराबाईनं त्यातला एक तांब्या काढून घेतला आणि अंगणात पडलेल्या माझ्या बिजागरीवर ओतला. बोटानं माती उकरली, पुन्हा ओतला.

"आत्याबाई, पानी!" मनकर्णा ओरडली. "म्हशी तानल्यात!"

"म्हैस येक तांब्या कमी पेली तर काय मरत न्हाई," ती म्हणाली, आणि मान वर न करता बिजागरी चोळत बसली.

तेव्हापासून मी घरीच आहे. कधी घोडी होऊन पंख्याखाली उभी राहते, कधी माची होऊन कडबा रचायला जाते. पत्र्यावर चढायचं असेल तेव्हा शिडी. मी खरी कोणती हे अजून कळलं नाही आणि आता कळेल असं वाटतही नाही.

मित्रांनो, एक मागणं ऐका. शिडी घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला खरं काम सांगा. लाजेपोटी खोटं सांगाल तर तो खोट्या कामाची शिडी देईल, आणि चढायचं मात्र खऱ्या कामाला असतं. वापरून झालं की बिजागऱ्या पुसा. आणि मला उघडत असाल तेव्हा एवढा वेळ सगळे गप्प बसा, टक्क ऐकू येऊ द्या. भांडण काय, नंतर करता येतं.