तहान न भागवणारा नळ

मी बोलतोय, पण थेंबाथेंबानंच बोलेन. तोंड चोंदलेलं असण्याची सवय अजून गेलेली नाही.

मी एक नळ. मंचरच्या बाहेर शेतं मोडून प्लॉट पडले, त्यातल्या एका घराच्या ओट्यावर मला बसवलं. तेव्हा मी असा चकचकीत होतो की घरधनी ज्ञानेश्वर माझ्यात बघून भांग पाडायचा. भांग कधी सरळ आला नाही, पण तो काही माझा दोष नव्हता.

बाकी सगळे दोष माझ्याच माथी. कॉलनीला पाणी बोअरचं. खडकाच्या पोटात वर्षानुवर्षं झोपलेलं पाणी मोटार ओरडून उठवायची, आणि ते खडकाचा चुना अंगाला फासून माझ्यापर्यंत यायचं. लोक त्याला जड पाणी म्हणतात. साबणाला फेस येईना, हुलगे शिजता शिजेनात, धुतलेल्या पेल्यांवर पांढरे डाग. ज्ञानेश्वरची बायको प्रतिभा मला लिंबाच्या सालीनं घासायची. चार दिवसांत मी पुन्हा पांढऱ्या मिशा फुटून उभा. तिला त्या पाण्याची चव कधी कळली नाही. ती इथलीच, जन्मापासून असंच पाणी प्यायलेली.

या दोघांनी लग्न आपलं आपण जमवलेलं. तो डोंगरातल्या आहुप्याचा, ती इथल्या जुन्या बागायतदार घरातली. तिच्या माहेरानं दार लावून घेतलं ते कायमचं. त्यामुळे आईचे, सोनीबाईंचे, गुडघे धरले आणि ज्ञानेश्वर त्यांना गावाहून घेऊन आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद प्रतिभाला झाला. घराला मोठं माणूस मिळालं, असं ती शेजारच्या शीलाला दहादा सांगायची.

सोनीबाई रोज दुपारी ओट्याला टेकून गावाकडं भावाला फोन लावायच्या. आधी विचारायच्या, "झऱ्याला पाणी हाय का?" मग म्हशीचं, आणि सगळ्यात शेवटी माणसांचं. भाऊ काय सांगायचा ते मला ऐकू येत नसे, पण सोनीबाई सगळं घोळवून बोलायच्या. देवराईतल्या झाडांच्या मुळाशी पाझरणारं पाणी, पाइपानं दारापर्यंत आणलेलं, पाइपाच्या तोंडाला चिंधीचा बोळा. फोन बंद झाला की घर डुलक्या घ्यायचं आणि मला स्वप्न पडायचं. स्वप्नात माझ्या नळीत सावली वाहत असे. हिरवी, गार, वजन नसलेली. मी ते पाणी कधी पाहिलं नव्हतं, तरी मला त्याची आठवण यायची. जागा व्हायचो तो मोटारीच्या आवाजानं.

एक गोष्ट मात्र रोज जागेपणी बघायचो. प्रतिभा माझी तोटी फिरवून पेला भरायची आणि सासूपुढे धरायची. सोनीबाई म्हणायच्या, "ठेव, पिते मंग." ती वळली की पेला ओठाला लावायच्या, डोळे मिटायच्या, आणि पाणी खिडकीतल्या कढीपत्त्याला घालायच्या. कढीपत्त्याला चांगले दिवस आले. सोनीबाईंचे ओठ मात्र फुटायला लागले.

एकदा प्रतिभानं ते पाहिलं. आपल्याकडे नातं तुटलं की आधी पाणी तुटतं, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? तिच्या मनानं घेतलं की मी दुसऱ्या घरची, माझ्या हातचं पाणी यांना चालत नाही. त्या दिवशी तिनं मला इतकं घासलं की माझं पॉलिश निघालं. मला खरं काय ते ठाऊक होतं. पण नळाला तोंड असतं, जीभ नसते. फार वाईट वाटलं.

पुढं सोनीबाईंनी जाहीर केलं, गुडघे बरे झाले, रविवारच्या एसटीनं जाते. गुडघे काही बरे झालेले नव्हते. शनिवारी सकाळी भांडं विसळताना त्यांना भोवळ आली आणि त्यांनी मलाच घट्ट धरलं. प्रतिभानं धावत येऊन त्यांना पाटावर बसवलं, पेला भरला.

"आई, माझ्या हातचं चालत नसंल तर तसं सांगा. मी ह्यांना भरून द्यायला सांगते. पण अशा तहानेल्या नका राहू."

सोनीबाईंनी कपाळावर हात मारला.

"अगं येडे, तुझ्या हाताला काय झालंय? ह्ये पाणीच लई जड हाय, घशाखाली उतरत न्हाई. पर ज्या घरचं खायाचं, त्या घरच्या पाण्याला नाव ठिवू नाय म्हन्त्यात. तुला वाईट वाटंल म्हनून गप ऱ्हायले."

मग त्यांनी तिच्या हातातला पेला घेतला आणि तळापर्यंत प्यायल्या. तोंड असं वाकडं झालं की प्रतिभा रडता रडता हसली. माझ्याकडून शरमेनं दोन थेंब गळले.

रविवारी एसटीत तिघं बसली. प्रतिभा पहिल्यांदा आहुप्याला गेली आणि सासूसाठी झऱ्याचे दोन कॅन घेऊन आली. सोनीबाईही परत आल्या आणि राहिल्या; त्यांच्या कॅनला प्रतिभा हात लावत नसे, ती माझंच पाणी प्यायची. कॅन येत राहिले, आणि मी चुन्यानं चोंदत चोंदत दोऱ्याएवढा वाहू लागलो. शेवटी प्लंबर चांगदेवनं मला काढून भंगारात टाकलं. सोनीबाईंनी उचललं, दोन दिवस चिंचेच्या पाण्यात भिजत घातलं, आणि रानात हिरडा गोळा करायच्या दिवसांत गावी जाताना पदराला बांधून नेलं.

आता मी आहुप्यात, त्यांच्या दाराशी, चिंधीच्या बोळ्याच्या जागी आहे. पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा कळलंच नाही की आलं. इतकं हलकं. मला वाटलं, दुपार झाली असेल आणि मी झोपलो असेन.

सोबत आलेल्या प्रतिभानं पेला भरून सासूपुढे धरला. सोनीबाईंनी तो तिच्याच ओठाला लावला. "आदी तू." ती प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. मग हळूच म्हणाली, "आई, एवढे दिवस तुमी गप कशा राहिलात वो?"

तुमच्या दारात कुणी भरलेला पेला तसाच ठेवला, तर राग धरण्याआधी त्यातला एक घोट तुम्ही पिऊन बघा.