दोघींचा होकार

मित्रांनो, भरतकामाच्या या खोलीत खिडकीखाली उघडाबोडका बसलेला मी एक जुना संगणक. मला दोन आया. एका मोठ्या कंपनीने माझे अंग घडवले, दुसरीने माझ्यात नक्षी काढायची विद्या घातली. दोघींनी हातमिळवणी केली होती. माझ्या पाठीवर दोघींची नावे अजून शेजारी शेजारी आहेत.

मला घेऊन आला तो विक्रेता भारी गोडबोल्या. खोलीच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. तिच्या पेटीत नक्षीचे सातशे कागद होते, सगळे तिच्या हातचे.

"मावशी, आता हे बाड कशाला? एक नाही, दोन-दोन कंपन्या पाठीशी आहेत. एक थकली तर दुसरी आहेच की!"

"आणि दोघींचं बिनसलं तर?"

"काहीतरीच काय!"

मावशी हसली. वर्षभर बसून तिने सगळे नमुने माझ्यात उतरवले आणि कागद रद्दीत दिले. धूळ बसू नये म्हणून मला एक कापडी झाकणही भरून दिले, निळ्या वेलीचे. तो तिचा पहिला नमुना.

रोज सकाळी मी दोघींना हाक घाली. दोघींचा होकार आला की नक्षीचे दार उघडे. मग पाने, फुले, पाखरे. दिवस कसा सरे कळत नसे. "आमचा शहाणा एक टाका विसरत नाही," मावशी कौतुकाने म्हणे.

एका सकाळी एकीचाच होकार आला. दुसरी गप्प.

मावशीच्या भाचीने दिवसभर फोन केले. "मावशी, दोघींचं फाटलं गं. ही म्हणते, अंग आमचं, विद्या त्यांची, त्यांना विचारा. ती म्हणते, करार संपला, नवं यंत्र घ्या."

"आणि माझे नमुने?"

"नव्या यंत्राला ते वाचता येत नाहीत म्हणे."

"अगं, नमुने माझे, डोळे मी फोडले. मग माझंच दार उघडायला मी यांची तोंडं का बघायची?"

मावशीचा हात आता थरथरतो. तिला सगळी नक्षी भाचीच्या हाती सोपवायची होती, आणि ती माझ्या पोटात अडकली. मला सगळे आठवते, मित्रांनो, पण सांगता येत नाही. पुढे कुणी माझ्याजवळ बसेनासे झाले.

परवा भाची आली. तिने माझ्यावरचे झाकण अलगद उचलले, खिडकीच्या काचेवर धरले, वर पातळ कागद लावला आणि पेन्सिलीने वेल गिरवू लागली.

"देठ जरा वाकडा घे," मावशी मागून म्हणाली. "मी तसाच काढला होता."

सातशेंतला एक परत आला. झाकण पेटीत गेले, कागदासोबत. मी उघडा राहिलो. वाईट वाटले नाही असे कसे म्हणू?

मित्रांनो, मोठ्यांची मैत्री असावी, पण आपल्या हातचे सारे तिच्या भरवशावर टाकू नका. एक कागद आपल्या पेटीत असू द्या. आणि येता-जाता माझ्यावरची धूळ तेवढी पुसा. आत अजून सहाशे नव्व्याण्णव नमुने अडकलेले आहेत, एकही टाका न विसरलेले.