नऊ नंबरचे बूट

शहरात एकट्या बाईने कसं राहावं, यावर मोठ्या बहिणीचं मत ठरलेलं होतं: राहूच नये. आणि राहायचंच झालं, तर दिसू नये. ही मोठी बहीण स्वतः कधी शहरात राहिली नव्हती, त्यामुळे तिला शहराची खडान्‌खडा माहिती होती.

"पिशवी पाठीवर घ्यायची नाही, पोटावर घ्यायची," ती फोनवर सांगायची. "भडक रंग नकोत. रस्त्यात कुणी भांडत असलं, रडत असलं, पडलं, तरी नजर जमिनीवर. आणि हसू नकोस."

"कुणाकडे बघून?"

"असंच. तुला सवय आहे."

धाकटी चाळिशीला टेकलेली. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत डोळे तपासायची. गिऱ्हाइकं तिला बाई म्हणत, इमारतीतले लोकही बाईच म्हणत. बहिणीचे नियम तिने औषधासारखे घेतले, नाक दाबून आणि न चुकता. राखाडी, मातकट आणि ढगाळ अशा तीनच रंगांवर कपड्यांचं कपाट आणून ठेवलं. लिफ्टमध्ये कुणी असलं की जिना, जिन्यात कुणी असलं की बुटाची नाडी बांधायला खाली बसणं. दोन वर्षांत तिने या कामात इतकी मजल मारली, की दुकानाचा मालक एकदा तिला आत ठेवूनच शटर ओढून निघून गेला. हे तिने बहिणीला फोन करून सांगितलं. बहिणीला भरून आलं.

पण माणसाला दिसेनासं होता येतं, दाराला नाही. दारावर वस्तू विकणारे येत, वर्गणीवाले येत, आणि एकदा तर कुणीतरी दोनदा घंटा वाजवून, ती आतून "कोण आहे?" म्हणाल्यावर, काहीच न बोलता बराच वेळ तिथेच उभं राहिलं. दारातल्या भोकातून फक्त एक खांदा दिसत होता.

"दाराबाहेर पुरुषाचे बूट ठेव," बहीण म्हणाली. "घरात माणूस आहे म्हटलं की कुणाची टाप नाही. आणि नवेकोरे आणू नकोस. कुणीही ओळखेल."

कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणाऱ्याची टपरी होती. लोक दुरुस्तीला टाकून पुन्हा कधीच न आलेले जोड तिथे एका फळीवर मांडलेले असत. बाईंनी त्यातला पुरुषाचा जोड मागितला.

"किती नंबर?" टपरीवाल्याने मान वर न करता विचारलं.

"कुठलाही चालेल."

तेव्हा त्याने मान वर केली. बाईंकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. गेल्या दोन वर्षांत बाईंकडे इतकं नीट कुणी बघितलं नव्हतं. पण बाईंना वाटलं, तो मनातल्या मनात किंमत ठरवतोय. त्याने काळे, भरभक्कम, नऊ नंबरचे बूट काढून दिले. डावी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली, तिथे लोखंडी पट्टी ठोकलेली. एखादा माणूस त्यातून नुकताच उतरून गेल्यासारखे ते दिसत होते.

बूट दाराबाहेर बसले. आणि बुटांचं एक वाईट असतं, त्यांना लगोलग माणूस लागतो.

"मालक घरी असतात वाटतं हल्ली?" समोरच्या वहिनींनी तिसऱ्याच दिवशी विचारलं. वहिनी समोरच्या दारात राहत आणि बरेचदा त्या दारातच उभ्या असत.

"हे ना? यांची रात्रपाळी असते," बाई म्हणाल्या. "दिवसा झोपतात. आणि झोपमोड झाली की फार तापतात."

अशा रीतीने जिन्यात उभ्या उभ्या बाईंचं लग्न झालं. मग संसार आला. दोरीवर पुरुषाचा एक शर्ट वाळत पडायला लागला. कुणीही न घातलेला तो शर्ट दर रविवारी धुऊन धुऊन विटला, तेव्हा दुसरा आणावा लागला. दारावर घंटा वाजली की बाई आधी आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणत, "अहो, बघता का जरा? बरं राहू दे, मीच बघते." येणारा निम्म्यातच जिना उतरायला लागे. बाईंचा जीव भांड्यात पडला.

पुढे त्यांच्या लक्षात आलं, की भिंती पातळ आहेत आणि ज्या घरात भांडण नाही त्या घराबद्दल लोकांना संशय येतो. म्हणून अधूनमधून त्या भांडायलाही लागल्या. विषय एकच, मोरीतला गळका नळ. "किती महिने सांगतेय तुम्हाला! घरात पुरुषमाणूस असून उपयोग काय?" समोरून उत्तर यायचा प्रश्नच नव्हता. परिणाम एवढाच झाला, की सगळ्या मजल्याची सहानुभूती यांच्याकडे गेली.

"बिचारे चकार शब्द काढत नाहीत हो," वहिनी आपल्या घरात म्हणायच्या. "देवमाणूस."

मधल्या काळात वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून तीन घरांत पाणी शिरलं. तेव्हापासून प्रत्येक घराची एक जादा किल्ली वॉचमनकडे ठेवायचं ठरलं. बाईंना ते पसंत नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचं लक्ष गेलं असतं.

थंडीच्या दिवसांत एकदा दुकानात एक गिऱ्हाईक आलं. पन्नाशीचा माणूस, दाढी गुळगुळीत, आवाज मऊ. एवढ्या थंडीत पायात रबरी सपाता. मागच्या खोलीत पुरुष गिऱ्हाईक एकटं असलं की बाई सवयीने फोन कानाला लावत, तसा त्यांनी लावला.

"अहो, उठलात का? आज तरी नळाचं बघा जरा. हो, येतेच मी वेळेवर."

माणूस खुर्चीत बसून शांतपणे ऐकत होता.

"साहेब घरीच असतात?"

"रात्रपाळी असते."

"तापट दिसतात."

"फार."

"बरं असतं," तो म्हणाला. "घरात माणूस असावा."

भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्याने वरपासून शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. तक्ता छापणाऱ्याचं नाव खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, तेही वाचलं.

"तुम्हाला चष्म्याची काही गरज नाही," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला," तो म्हणाला आणि आभार मानून निघून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी बाईंनी दार उघडलं, तर बुटांची तोंडं बाहेरच्या बाजूला वळलेली होती. म्हणजे कुणी घरातून निघताना पाय घालायला सोपं जावं तशी. त्यांनी बहिणीला फोन केला.

"झाडूवाल्याने हलवले असतील," बहीण म्हणाली.

मग एकदा बूट आतून उबदार लागले. मग एका सकाळी त्यांना लखलखीत पॉलिश केलेलं होतं.

"पॉलिश?" बहीण म्हणाली. "मग वाईट काय झालं त्यात?"

पोलिसांकडे जावं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. पण तक्रार काय लिहून देणार? माझ्या नसलेल्या नवऱ्याच्या बुटांना अज्ञात इसमाने पॉलिश केलं आहे. ठाण्यातले सगळे बघत राहिले असते.

दुपारच्या सुट्टीत त्या टपरीवर गेल्या.

"ते ना," टपरीवाला म्हणाला, "अहो, त्या बुटांचा मालक येऊन गेला की. टाकून गेला होता दुरुस्तीला, आणि मग बराच काळ आत होता. आत म्हणजे आत, काय ते समजा. सुटून आला तो थेट बूट मागायला. मी म्हटलं, बाबा, एका बाईंनी नेले."

"माझा पत्ता दिलात?"

"छे! मला कुठे माहितीये पत्ता? चष्म्याच्या दुकानात असतात, एवढंच बोललो." टपरीवाल्याने तोंडात धरलेला खिळा काढून हातात घेतला. "आणि गंमत म्हणून सांगितलं, की बाईंनी नंबरच सांगितला नाही. कुठलीही बाई नवऱ्याला बूट नेताना नंबर सांगते. ते ऐकून तो हसला हो. खूप वेळ हसत होता. मग म्हणाला, म्हणजे नवरा नाहीच."

उरलेला दिवस बाईंनी लोकांचे डोळे कसेबसे तपासले. संध्याकाळी घरी जायचं, बूट उचलायचे, कचऱ्यात टाकायचे, यांना दूरच्या देशात नोकरी लागली म्हणून सांगायचं, आणि उद्याच्या उद्या कुलूप बदलायचं, असं त्यांनी ठरवलं. संसार मोडायचा म्हटला तर त्याला एक संध्याकाळ पुरे होती.

जिना चढून त्या दारापाशी आल्या. बूट नव्हते. त्या जागी रबरी सपातांचा जोड नीट जुळवून ठेवलेला होता. दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड बाहेर येत होता.

समोरचं दार उघडलं.

"या, या," वहिनी खुशीत होत्या. "दिसले हो शेवटी तुमचे हे. किती हळू बोलतात! आणि तुम्ही किती बोलत असता त्यांना."

"कोण दिसले?" बाईंना स्वतःचा आवाज ओळखू येईना.

"अहो, हेच. दुपारी आले, किल्ली विसरले होते, वॉचमनने जादाची दिली. मी म्हटलं, आता आलाच आहात तर त्या नळाचं एकदाचं बघून टाका, बाई फार वैतागल्यात. माझ्याकडूनच पाना नेला. अर्ध्या तासात गळायचा बंद."

"वहिनी, तो माझा नवरा नाही."

वहिनींनी सुस्कारा सोडला. "आम्हीसुद्धा म्हणतो हो हे अधूनमधून."

"अहो, मला नवराच नाही!"

"हेही मी एकदा रागाच्या भरात म्हटलं होतं. आमच्या यांनी चार दिवस अन्नाला हात लावला नाही. असं तोडून बोलू नये, बाई. लागतं पुरुषमाणसाला."

आवाज ऐकून वॉचमन वर आला.

"काका, किल्ली कशी दिलीत तुम्ही? ओळखलंत कसं?"

"बुटांवरून," वॉचमन म्हणाला. त्याला या प्रश्नाचं नवल वाटलं. "दोन वर्षं बघतोय दारात. यांनी पाय घातले तेव्हा मी नीट पाहिलं ना. दुसऱ्याचे असते तर सैल झाले असते, चावले असते. यांना कसे मापात बसले. टाचसुद्धा जिथे झिजलीय तिथेच टेकते."

"त्याला विचारा, आत कपाटात काय आहे. विचारा त्याला!"

हे बोलतानाच बाईंना कळलं, की तो दुपारपासून आत आहे. आता कपाटात काय आहे ते त्यांच्याइतकंच त्याला माहीत असणार. किंबहुना जास्तच, कारण सगळं नीट बघायला त्याच्याकडे वेळ होता.

दार उघडलं. तो दारात उभा होता, अंगात विटलेला शर्ट, पायात चकचकीत बूट. बाईंच्याच टॉवेलला हात पुसत होता. वहिनींकडे बघून तो ओशाळवाणं हसला आणि पाना परत दिला. वहिनींनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"आत ये," तो बाईंना हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

आयुष्यभर ज्या एका वाक्याला बाई भ्याल्या, ते वाक्य इतक्या मऊ आवाजात त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांचा एक पाय आपोआप उचललाही गेला. इतक्या वर्षांच्या सवयीने तो उंबऱ्याच्या दिशेने निघाला होता.

"बघू देत," बाई म्हणाल्या. मग मोठ्याने, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं, "बघा सगळ्यांनी! या माणसाला मी ओळखत नाही!"

वरची दोन दारं आणि खालचं एक दार किलकिलं झालं. लोक समजूतदार होते. नवरा-बायकोचं चाललंय म्हटल्यावर एकेक दार अलगद, कडीचा आवाज न करता बंद झालं. वॉचमनने टोपी नीट केली आणि त्याला खाली काम आठवलं. वहिनी थोडा वेळ थांबल्या. पण आतून त्यांच्या यांनी हाक मारली, म्हणून त्यांनाही जावं लागलं.

"बाई, घरात बसून बोला," दार लावताना त्या म्हणाल्या. "शोभत नाही."

बाई वळल्या आणि जिना उतरायला लागल्या. मागून दार ओढून घेतल्याचा आवाज आला, किल्ली फिरवल्याचा आला, आणि मग पायऱ्यांवर बुटांचा. उजवा पाय बिनआवाजी, डाव्याला लोखंडाची टिक. घाई अजिबात नव्हती. उशिरा जेवून बायकोबरोबर चक्कर मारायला निघालेला माणूस चालतो तसा तो चालत होता.

रस्त्यावर कामावरून सुटलेल्या लोकांची गर्दी होती. दुकानांचे दिवे लागले होते. बाई माणसांत घुसल्या. त्यांचे ढगाळ कपडे गर्दीत इतके बेमालूम मिसळले, की दोघे त्यांना धडकले आणि कशाला धडकलो हे न कळताच पुढे गेले. टिक. त्या चौकापर्यंत आल्या. टिक. मग सर्वांत जास्त उजेडाच्या जागी, एका दुकानाच्या काचेसमोर त्या थांबल्या आणि ओरडल्या. काय ओरडल्या ते त्यांनाही नीट कळलं नाही. आवाजाला सवय नव्हती, तो पहिल्यांदा फाटला आणि मगच बाहेर आला.

"वाचवा! हा माझ्या मागे लागलाय!"

गर्दी दोन्ही बाजूंनी त्यांना वळसा घालून वाहत राहिली. कुणी फोन कानाला लावला, कुणी घड्याळ बघितलं. टिक, आणि मग टिक यायची थांबली.

"जरा वाट द्या," त्यांच्या खांद्यामागून मऊ आवाज म्हणाला. "आमच्या मंडळींना बरं वाटत नाहीये."

लोकांनी लगेच वाट दिली. एक तरुण मुलगी तेवढी थबकली. लाल स्वेटर, हातात पुस्तकं, पाठीवर पिशवी. तिने बाईंकडे पाहिलं, बाईंनी तिच्याकडे. बाईंच्या दंडावर तोवर हात पडला होता आणि तो मुलीला दिसत होता. मुलीचे ओठ काहीतरी बोलण्यासाठी उघडले.

मग तिने पाठीवरची पिशवी पोटावर घेतली, नजर जमिनीवर टाकली, आणि भराभर चालायला लागली.