बासी ठरवलेल्या गोळ्या

मी डबा बोलतोय. एके काळी माझ्यात बिस्किटं होती. झाकणावर एक गुटगुटीत पोर हसत असे, आता त्याचा फक्त एक कान उरलाय. मुलचेऱ्याजवळच्या एका तलावकाठच्या गावात, इस्तारीच्या घरी मी जाळं विणायची सुई, नायलॉनचा दोरा आणि शिशाचे मणी सांभाळतो. त्यामुळे माझ्या अंगाला मासोळीचा वास आहे. मला त्याची लाज नाही, पण या वासानंच एकदा घात केला.

इस्तारी डोंग्यानं, म्हणजे लहान होडीनं, मासोळी धरतो; कुंता त्याची बायको. जाळ्याचं भोक ती अशी बुजवायची की मासोळीलाही पत्ता लागू नये. चार वर्षांपूर्वी तिची झोप उडाली. तलावातून कुणीतरी नावानं हाका मारतंय, असं म्हणू लागली. गावानं नाना उपाय सुचवले. इस्तारीनं मात्र तिला थेट मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या लागू पडल्या, हाका थांबल्या. रोज हाताशी येणाऱ्या वस्तूत औषध ठेवलं तर विसरणार नाही, म्हणून गोळ्या माझ्यात आल्या. काय ऐट होती माझी तेव्हा!

पण गोळ्या महाग. पावसाळ्यात मासोळी अंड्यावर येते, तलाव मासेमारीला बंद असतो, हाती पैसा नसतो. तेव्हा इस्तारी गुपचूप एक दिवस आड गोळी देऊ लागला. कुणालाच कळलं नाही, मला कळलं. पाकीट संपायचं नावच घेईना. मला तोंड असतं तर तेव्हाच ओरडलो असतो.

तेवढ्यात लेक रीता आलापल्लीहून माहेरी आली. येताना आईच्या चिठ्ठीवरची औषधं तिनं स्वस्त औषधांच्या सरकारी दुकानातून आणली होती. भाव ऐकून इस्तारी चमकला.

"इतकी स्वस्त? सांजच्यापारी मासोळीचा भाव काऊन पडते, हे मले नोको शिकवू. बासी माल हाये हा."

"बाबा, हे औषध हाये. मासोळी नाई."

त्यानं ते पाकीट माझ्यात टाकलं. चार दिवसांनी काढून हुंगलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाला, "पाह्य, वास येऊन राह्यला."

अहो, वास माझा होता! पण सांगणार कोण? नव्या गोळ्या शिशाच्या मण्यांखाली गेल्या, आणि जुन्याच पाकिटातली गोळी एक दिवस आड चालू राहिली.

आणि एका सकाळी कुंता कमरेएवढ्या पाण्यात उभी दिसली. "आली, आली," अशी हाकेला ओ देत पुढं पुढं जात होती. इस्तारीनं उडी घालून तिला बाहेर आणलं. त्या दिवशी तो माणूस चुलीपाशी बसून लेकरासारखा रडला.

रीतानं दोघांना आणि मलाही मुलचेऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर रंजीताबाईंनी विचारलं, "भाऊ, गोळी रोज दिली का?"

इस्तारीनं मान खाली घातली. बाईंनी जुनं महाग आणि नवं स्वस्त, अशी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली. रीतानं वाचून दाखवलं: औषधाचं नाव एकच, ताकद एकच, मुदत संपायला दीड वर्ष बाकी.

बाई म्हणाल्या, "तुमची मासोळी तलावावर काय भावानं जाते? अन् नागपूरच्या हॉटेलात?"

इस्तारीनं दोन्ही पाकिटं हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "मासोळी तेच राह्यते. भाव ताटाचा हाये."

"मंग हे गोळी रोज द्या. कमी-जास्त करायचं असन त आधी मले विचारा."

बाई, तुमचं भलं होवो. माझ्या पत्र्यावरचं ओझं त्या दिवशी उतरलं.

आता गोळ्या वेगळ्या स्वच्छ डबीत, पण त्या डबीचं घर मीच. कडेला गंज चढलाय, म्हातारा झालोय. एवढंच मागतो: औषध स्वस्त मिळालं म्हणून नाक मुरडू नका, आणि महाग पडतंय म्हणून मनानं दिवस गाळू नका. डॉक्टरांना विचारा, विचारायला पैसे पडत नाहीत.

काल कुंतानं स्वतःहून मला पुढ्यात ओढलं. गोळी घेतली, मग सुईत दोरा ओवला. इस्तारीनं भीतभीत विचारलं, "आता तलावातून कोनी हाक मारते का?"

"मारते ना," जाळ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "तुमीच मारता. डोंगा ओढाले ये म्हनून."

इस्तारी कितीतरी वेळ हसत होता. डोळे पुसत त्यानं माझं झाकण लावलं.