सोमवारचा दम

मलकापूरच्या गजेंद्रशेठच्या जिनिंगमध्ये सोमवार उजाडला की बायांच्या छातीवर धोंडा बसायचा, आणि त्याचं बिल सगळ्या मिळून महादेवाच्या नावावर फाडायच्या. कापसातली सरकी वेगळी काढणाऱ्या रेच्यांवर या बाया कामाला. सगळ्याच जणी सोमवार धरणाऱ्या. पोटात सकाळपासून चहाशिवाय काही नाही, त्यात दिवसभर उभ्यानं काम, मग दम लागणार नाही तर काय होईल? मंगळवारी भाकर खाऊन आल्या की छाती जरा मोकळी, बुधवारी त्याहून मोकळी. शनिवारी तर हसत-खिदळत घरी जायच्या. इतका सरळ हिशेब होता, की तो कुणी तपासून पाहिला नाही.

कौशल्याबाई त्यांच्यातली सगळ्यात जुनी. तिचा शब्द शेडमध्ये चालायचा आणि घरात तर त्यापुढं कुणाची मात्रा चालत नसे. तिची धाकटी जाऊ अन्नपूर्णा शेजारच्याच रेच्यावर होती. अन्नपूर्णेनं सोळा सोमवार धरले आणि निम्म्यावर येता येता तिचा दम असा वाढला, की कामातून उठून भिंतीला टेकून बसायची. नवरा म्हणाला, सोड तो उपास. ती जावेला विचारायला आली.

"देवाचं अर्ध्यात सोडू नाही, अन्नपूर्णा," कौशल्याबाईनं सांगितलं. "घरावर येते."

अन्नपूर्णेनं तरीही सोडला, कारण सोसवेना. पण दम कमी व्हायचं राहिलं, उलट सोमवारचा मंगळवारीही लागायला लागला, आणि पुढं आठवडाभर. हा देवाचाच कोप, अशी आता सगळ्यांची खात्रीच पटली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, पण आपल्याकडं अशा वेळी कावळ्यालाच बोल लावतात, फांदी आधीच किडली होती का ते कुणी बघत नाही. गेल्या पावसाळ्यात अन्नपूर्णा गेली. गेली ती महादेवाची माफी मागत. बोलायला श्वास पुरत नव्हता तरी तेवढेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि उशाशी बसलेली कौशल्याबाई, "माग, माग," म्हणून मान हलवत होती.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं तेव्हा अन्नपूर्णेची काजल आईच्या रेच्यावर उभी राहिली. आईचे सोळा सोमवारही तिनं पहिल्यापासून अंगावर घेतले. कुणी सांगितलं नव्हतं. पोरीला वाटलं, आईचं अर्धवट राहिलेलं आपण पुरं केलं तर तिला तिकडं तरी निवांत मिळेल. संक्रांतीच्या सुमाराला एका सोमवारी ती छातीवर हात धरून भिंतीला टेकलेली कौशल्याबाईनं पाहिली. तिची आई टेकायची तीच भिंत होती.

त्याच दिवसांत अकोल्याहून पुष्पांजली नावाची डॉक्टर जिनिंगमध्ये येऊ लागली. हवेतल्या धुळीनं माणसाच्या फुप्फुसाचं काय होतं, हा तिचा अभ्यास. सरकारी कागद घेऊन आली होती, म्हणून शेठला नाही म्हणता आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत तिनं बायांना विचारलं, आठवड्यात दम जास्त कधी लागतो.

"सोमवारी," सगळ्या एका तोंडानं म्हणाल्या. "उपास असते ना मॅडम."

डॉक्टरनं मान हलवली. बाजूला गाठी बांधायच्या प्रेसवरचा गोविंदा बिडी ओढत उभा होता. तिनं त्यालाही तेच विचारलं.

"मलेही सोमवारीच लागते," तो म्हणाला.

"तू कवापासून उपास करून राह्यला बे?" कौशल्याबाईनं विचारलं.

"मी काऊन करू? आयतवारी मटन खातो, अन् सोमवारी येतो."

बाया खळखळून हसल्या, आणि हसता हसताच एकेकीनं गोविंदाकडं पुन्हा वळून पाहिलं.

"रविवारी सुट्टी असते," डॉक्टर सावकाश म्हणाली. "एक दिवस धूळ नाही, छाती सैल होते. सोमवारी धूळ पुन्हा आत गेली की आतल्या नळ्या आवळतात. मी आणखी एका जिनिंगमध्ये जाते, तिथं मंगळवारी सुट्टी असते. तिथल्या बायांना बुधवारी दम लागतो. बुधवारचा उपास धरणारी तुम्हाला कुणी माहीत आहे का?"

कुणालाच माहीत नव्हती. त्या दुपारी कौशल्याबाईचं कामात लक्ष नव्हतं. डॉक्टरीणबाईचं खरं असलं तर अन्नपूर्णेनं देवाचं काहीच बिघडवलं नव्हतं. इथवर विचार आला की ती तो मागं ढकलायची, कारण त्याच्या पुढच्या पायरीवर ती स्वतः उभी होती. एका मरणाऱ्या बाईला नसलेल्या गुन्ह्याची माफी मागायला कुणी लावली होती?

पुढच्या सोमवारी डॉक्टरनं बायांना श्वासाचा जोर मोजणाऱ्या एका नळीत फुंकायला लावलं, कामाला लागायच्या आधी एकदा आणि काम सुटल्यावर एकदा. संध्याकाळचा आकडा सगळ्यांचाच घसरला. तिनं तो अहवाल वर पाठवला आणि शेडमध्ये धूळ ओढून घेणारे पंखे बसवायची शिफारस केली.

गजेंद्रशेठ काही दुष्ट माणूस नव्हता. महाशिवरात्रीला सगळ्या बायांना स्वतः उभं राहून साबुदाणा वाढायचा. पण पंख्यांचं नाव निघालं आणि त्याला बायांच्या भक्तीची आठवण झाली. त्यानं कळवलं, की सोमवारी बाया उपाशी असतात, उपाशी माणसाला फुंकायला जोर कुठून येणार? गोविंदाची तर बिडीच सुटत नाही. शिवाय जिनिंगचं हवा मोजायचं यंत्र चांगली हवा दाखवत होतं. दाखवणारच, ते बाहेर फाटकावर होतं.

सरकारी साहेब चौकशीला आले. माणूस सरळ होता, पण नियमाच्या रेघेबाहेर पाय टाकणारा नव्हता. ते डॉक्टरला म्हणाले, "उपासाची शंका काढली आहे, तर ती फिटली पाहिजे. याच जिनिंगमधल्या जेवलेल्या बायांचे सोमवारचे आकडे द्या. घसरले, तर पंख्यांचा हुकूम मी काढतो. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत."

सोमवारी जेवून याल का, असं डॉक्टरनं बायांना विचारलं. एकही तयार होईना. कापूस शेठचा, नळी सरकारची, पण सोमवार आमचा, असं एकीनं तोंडावर सांगितलं. काजल तर ऐकून घ्यायलाही थांबली नाही.

रविवारी दुपारी कौशल्याबाई तिच्याकडं गेली. काजल अंगणात कामावरचा शर्ट धूत होती. साडी खराब होऊ नये म्हणून बाया वरून पुरुषाचा शर्ट घालायच्या. काजलच्या हातातला तिच्या आईचाच होता.

"उद्या जेवून ये, पोरी."

"नाही, मोठी माय. मायनं सोडला अन् काय झालं, तुले मालूम नाही काय?"

"तो दम धुळीचा होता म्हणते ते मॅडम."

"मॅडमचं राहू दे. तूच तं म्हणे, अर्ध्यात सोडलं तं घरावर येते."

कौशल्याबाईचंच वाक्य पोरीच्या तोंडून परत आलं होतं, आणि आईसारखंच ती पोरगीही त्यावर जीव टाकायला निघाली होती. ती काजलच्या शेजारी खाली बसली.

"मी पह्यले खातो," ती म्हणाली. "तुह्या आधी. काही यायचं असन तं माह्यावर येईन."

काजलनं शर्ट पिळता पिळता थांबून तिच्याकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून मोठ्या मायनं सोमवारी अन्नाचा कण तोंडात घातला नव्हता. बाळंतपणातही नव्हता, हे घरातल्या लहानथोरांना माहीत होतं.

सोमवारी सकाळी डॉक्टर आणि साहेब दोघं हजर होते. शेठही खुर्ची टाकून बसला. कौशल्याबाई सरकीच्या पोत्यावर बसली आणि तिनं फडकं सोडलं. भाकर आणि बेसन. घास मोडला, पण हात तोंडाशी जाईना. बाया अशा बघत होत्या, जसं कुणी देवळात चप्पल घालून चाललंय. तिनं डोळे मिटले. देवा, चूक माझी आहे, या पोरीची नाही, असं मनात म्हणून तिनं घास घेतला. दुसरा घास मोडून काजलपुढं धरला. काजलनं तो घेतला आणि कितीतरी वेळ तोंडात तसाच ठेवला. मग डोळ्यांतून पाणी काढत गिळला. ते बघून आणखी काही जणी आपापली भाकर घेऊन खाली बसल्या. ज्यांना जमलं नाही त्या तशाच कामाला गेल्या, आणि त्यांना कुणी बोललं नाही.

दुपारीही त्या पोटभर जेवल्या. कौशल्याबाई दिवसभर आपल्या छातीकडं कान लावून होती. जन्मात पहिल्यांदा ती दमाची वाट बघत होती. दुपार कलली तशी तो ओळखीचा धोंडा येऊन बसला, आणि तिला भीतीच वाटली. हा धुळीचा, की आताच तोडलेल्या उपासाचा? समोर काजलही खोकत होती.

काम सुटल्यावर सगळ्यांनी फुंकलं. डॉक्टरनं साहेबांना आकडे दाखवले. सगळ्यांचे घसरले होते. काजलचा सगळ्यात जास्त.

"उपाशी होतो त्या सोमवारी किती घसरला होता?" कौशल्याबाईनं विचारलं.

"जवळजवळ इतकाच," डॉक्टर म्हणाली. "तुमचा, काजलचा, सगळ्यांचा. काही फरक नाही."

काही फरक नाही. कौशल्याबाईनं ते शब्द मनात फिरवून पाहिले. उपास धरला तरी तोच आकडा, सोडला तरी तोच. मग महादेव यात होताच कुठं? त्याला बिचाऱ्याला आपणच ओढून आणलं होतं. साहेब शेठला म्हणत होते, की हुकूम निघेल, पंखे बसायला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल. शेठ खाली बघत होता. बायांना आनंद झाला असेल, पण कुणी तो दाखवला नाही, कारण आपल्या छातीत काय आहे हेही त्यांना आत्ताच कळलं होतं.

फाटकाबाहेर आल्यावर कौशल्याबाईनं काजलचा हात धरला.

"उद्यापासून तू इथं यायचं नाही. दुसरं काम पाहू."

"अन् तू?"

"माह्या छातीत जायचं ते गेलं. पंखे लागेपावतर मी येतो. नाही लागले तं विचारायले कोणी पाह्यजे."

दोघी रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. मग काजल थांबली.

"मोठी माय, मायनं काहीच केलं नव्हतं नं?"

"नाही, पोरी. काहीच नव्हतं केलं."

"मंग ते माफी काऊन मांगत होती?"

कौशल्याबाईला धाप लागली होती. तिनं श्वास जमू दिला.

"मी मांगायले लावली म्हणून," ती म्हणाली. "खरी माफी मीनं मांगायले पाह्यजे होती, तिची. तिले आयकू येत होतं तवा."

काजलनं हात सोडवून घेतला आणि ती पुढं चालायला लागली. कौशल्याबाईनं तिला थांबवलं नाही.