‘र’खालचं टिंब

शेजारची कौसाबाई सकाळपासून माझ्या ओट्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. एकच्या बसने ती मुलीकडे अंकलेश्वरला कायमची राहायला जाणार होती. जाण्याआधी माझ्या इंटरनेटवरच्या शब्दकोशात तिचा आवाज ऐकवीन, असा शब्द मी दिला होता. माणसाने झेपेल तेवढाच शब्द द्यावा, हे मला या वयातही कळत नाही.

शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी अहिराणी शब्द गोळा करू लागलो. खापर गावच्या कापड दुकानदाराची सून रूपल घरी बसून कंपनीचं काम करते. तिने त्या शब्दांची वेबसाइट उभी करून दिली. प्रत्येक शब्दाची एक फाइल, आणि तीत कौसाबाईने बोललेलं एक वाक्य. या सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधून वेबसाइटला देणाऱ्या प्रोग्रॅमला बंडलर म्हणतात. जुना बंडलर नव्या सर्व्हरवर चालेना, म्हणून सोमवारपासून साइट बंद होती. नवा मी बसवतो, असं मीच म्हणालो होतो. कशाला म्हणालो?

जुना फोल्डरमध्ये दिसेल ते उचलायचा. नव्याला प्रत्येक फाइलचं नाव यादीत लिहून द्यावं लागतं. तीनशे बारा नावं. चार दिवस एकेक चूक काढत होतो आणि आता एकच उरली होती: ‘ऱ्हायना ही फाइल सापडत नाही.’ ऱ्हायना म्हणजे ‘राहिला’; ‘करी ऱ्हायना’ म्हणजे ‘करतो आहे’. फाइल तर समोर दिसत होती! एका फाइलीपायी सगळं गाठोडं अडलं होतं.

‘‘काय करी ऱ्हायना मास्तर?’’ कौसाबाई ओट्यावरून म्हणाली. ‘‘तुन्हा डबा मन्हा आवाज गियी गया का?’’

‘‘थांब, गिळला नाहीये. होतंय.’’

‘‘सोमवारपाईन हुई ऱ्हायनं तुन्हं.’’

मी रूपलला फोन लावला.

‘‘काका, नावं कॉपी-पेस्टच केलीत ना?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो, आणि माझे कान तापले. मी सगळी नावं हाताने लिहिली होती. हाताखालून न गेलेला शब्द मला वाचल्यासारखा वाटत नाही. पण हे त्या मुलीला कसं सांगायचं?

‘‘मग मीच बघते. दोनपर्यंत मीटिंग आहे, त्यानंतर.’’

दोनला काय उपयोग? मी यादी पुन्हा वाचली. अक्षर न् अक्षर तेच होतं. साडेबाराला कौसाबाई उठली. ‘‘ऱ्हाऊ दे मास्तर. बसनी येळ व्हयनी,’’ म्हणाली, आणि रागावली असती तर बरं, अशा समजुतीच्या आवाजात म्हणाली. तिला निरोप द्यायलाही मी नीट उठलो नाही.

ती गेल्यावर चिडून मी ते नाव खोडू लागलो. शेवटून एकेक खूण जात होती. ‘ऱ’पाशी आलो तर आधी खालचं टिंब गेलं आणि नुसता ‘र’ उरला. मी थबकलो. रूपलने दिलेलं फाइलचं नाव खोडून पाहिलं. तिथे ‘ऱ’ एका दणक्यात गेला. तिने दिलेलं नाव सात वेळा खोडावं लागलं, मी लिहिलेलं आठ वेळा. तिचा ‘ऱ’ हे अखंड एक अक्षर. माझा म्हणजे ‘र’ आणि खाली जुन्या सवयीने दिलेलं टिंब. डोळ्यांना दोन्ही एकच, बंडलरला मात्र दोन. ग्रंथालयात एकाच पुस्तकाची दोन कार्डं दोन खणांत गेली, की मी शिपायावर ओरडायचो.

तिने दिलेलं नाव पूर्ववत केलं आणि तेच उचलून माझ्या यादीत चिकटवलं. गाठोडं अर्ध्या मिनिटात बांधलं गेलं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी कौसाबाईला फोन लावला. बसचा खडखडाट ऐकू येत होता. ‘‘मास्तर बोलतोय,’’ म्हणून मी फोन स्पीकरजवळ धरला आणि ‘ऱ्हायना’वर क्लिक केलं.

‘‘काय करी ऱ्हायनी, व माय?’’ कोशातली कौसाबाई म्हणाली.

‘‘बसमा बशेल शे,’’ बसमधली कौसाबाई ओरडली. ‘‘तू कोन शे व? मास्तरना घर काय करी ऱ्हायनी?’’