दोन दशांश खाली

"तुमच्या पाऱ्याला ती तीन वर्षं काय झालं होतं हो?" मुख्य कार्यालयातले साहेब फोनवर हसतच विचारत होते. "रोज सकाळी आठलाच थंडी वाजायची का त्याला?"

 निरीक्षकांच्या टेबलावर साहेबांनी पाठवलेलं पत्र होतं आणि पत्राला जोडलेला एक आलेख.

या हवामान केंद्रात ते एकतीस वर्षं होते. केंद्र म्हणजे कुंपणातलं गवत, त्यात पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी, पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण आणि एक खोली. कुंपणापलीकडे राहायचं घर. दर तीन तासांनी पेटी उघडून तापमान वाचायचं आणि वर कळवायचं. तिथून तो आकडा काही मिनिटांत सगळ्या देशांत पोचतो. प्रत्येकाने आपला आकडा द्यायचा आणि इतरांचा घ्यायचा. कुठल्या तरी बेटावरचा माणूस इथला आकडा पाहून उद्याचा वारा सांगतो, इथला माणूस त्याचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं. आपल्याला न पाहिलेला माणूस आपल्या आकड्यावर विश्वास ठेवतो, एवढ्यावरच हा सगळा व्यवहार चालतो.

गेल्या वर्षी जुन्या वह्यांतले आकडेही या जाळ्यात घातले गेले. दूरच्या एका देशातल्या संशोधक बाईंनी ते आजूबाजूच्या केंद्रांशी ताडून पाहिले आणि त्या अडखळल्या. चोवीस वर्षांपूर्वीची तीन वर्षं या केंद्राचं फक्त सकाळी आठचं तापमान कमी येत होतं. दिवसाची बाकीची सात वाचनं बरोबर. सुरुवातीला चूक सहा दशांश अंशांची, मग हळूहळू घटत शेवटी दोन दशांशांची. दरवर्षी मोठ्या सुट्टीत दोन आठवडे ती अजिबात नसे. आणि मग एका तारखेला ती कायमची संपली. बाईंनी लिहिलं होतं, की बिघडलेलं यंत्र दिवसेंदिवस आणखी बिघडतं. आपोआप बरं होत जाणारं यंत्र मी पाहिलेलं नाही. कारण कळलं तर हे आकडे दुरुस्त करून ठेवता येतील. महिन्याभरात कळलं नाही, तर त्या तीन वर्षांतल्या सकाळी संशयास्पद म्हणून वगळाव्या लागतील.

साहेबांच्या मते यात अवघड काही नव्हतं. थर्मामीटर खराब होता असं लिहायचं, सही ठोकायची, विषय संपला. निवृत्तीला सात महिने राहिले असताना कशाला डोक्याला ताप? निरीक्षक म्हणाले, वह्या बघून सांगतो, आणि त्यांनी फोन ठेवला.

वह्या बघायची गरज नव्हती. मोठ्या सुट्टीतले दोन आठवडे त्यांची मुलगी, बुटकी, मामाकडे जायची. आणि ती शेवटची तारीख त्यांना कुठल्याही वहीशिवाय पाठ होती. त्या दिवशी सकाळी तिला ताप भरला होता. चार दिवसांत ती गेली. बारा वर्षांची होती.

वर्गात सगळ्यांत ठेंगणी म्हणून बुटकी. नवव्या वर्षी तिने हट्टच धरला, की सकाळचा पारा मी वाचणार. नेमलेल्या माणसाशिवाय कुणी वाचायचं नाही, असा नियम होता. पण निरीक्षक पावसाचं भांडं बघत असायचे, शाळेला अजून वेळ असायचा, आणि पोरीची नजर तीक्ष्ण. ती पेटीपाशी उभी राहून आकडा ओरडून सांगायची, ते वहीत लिहून खाली आपली सही करायचे. वाचायचं कसं, ते त्यांनीच तिला शिकवलं होतं. भिंतीवरचं घड्याळ एका बाजूने पाहिलं, तर मिनिटकाटा भलत्याच खुणेवर दिसतो. पाऱ्याचंही तसंच. खुणा काचेवर असतात, पारा तिच्या आत. डोळा पाऱ्याच्या रेषेत हवा. वरून पाहिलंस तर जास्त वाचशील, खालून पाहिलंस तर कमी. त्यासाठी त्यांनी तिला एक लाकडी स्टूल दिलं होतं.

दुपारी ते घरी गेले, तेव्हा बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. त्यांनी आलेख तिच्यासमोर ठेवला आणि पत्रात काय आहे ते सांगितलं.

"अगं, बुटकी स्टुलावर उभी राहूनच वाचायची ना?"

बायकोचे हात थांबले. ती ज्यावर बसली होती, ते तेच स्टूल होतं. वरच्या फळीला हात पोचत नव्हता म्हणून बायकोनेच ते, बुटकी वाचायला लागली त्याच आठवड्यात, एका दुपारी आत आणलं होतं. संध्याकाळी परत ठेवणार होती.

"मी विचारलं होतं तिला," ती म्हणाली. "म्हणाली, राहू दे आई, टाचा उंच केल्या की दिसतं मला. बाबांना सांगू नकोस, ते मग मला वाचू देणार नाहीत."

 पावसाच्या भांड्यापासून काही पावलांवर स्टुलाशिवाय उभी असलेली मुलगी निरीक्षकांनाही तीन वर्षं रोज दिसत होती.

त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. ही नऊ वर्षांची. इथे मामाकडे. ही पुन्हा मामाकडे. इथे...बोट तिथे थांबलं.

"बघ, चूक कशी कमी होत गेलीय," ते म्हणाले. "ती वाढत होती."

बायकोने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. बुटकीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा पूर्वी मधल्या दाराच्या चौकटीवर होत्या. ती गेली त्या वर्षी कार्यालयाने घरं रंगवायला माणसं पाठवली. बायको बाजारातून परत आली, तर चौकट पांढरीशुभ्र. रंगाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांचा तरी काय दोष? तेव्हापासून मुलगी केवढी झाली होती, हे घरात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"आता हे दुरुस्त करणार ते?"

"हो. जेवढं कमी वाचलं गेलं, तेवढं मिळवणार."

"म्हणजे ती जाणार यातून."

"मूळ आकडेही ठेवतात जपून. पण ते कुणी वापरत नाही."

"आणि तुमचे साहेब म्हणतात तसं लिहिलंत तर?"

"तर ते कारण बाईंना पटणार नाही. त्या तीन वर्षांतल्या सगळ्या सकाळी टाकून देतील."

बायकोने शेंगांचं ताट बाजूला सारलं. "एक दिवस चुकवायची नाही हो ती," ती म्हणाली. "सर्दी झाली तरी जायची."

संध्याकाळी निरीक्षकांनी पत्रासोबत आलेला उत्तराचा छापील कागद पुढे घेतला. कारण या शब्दासमोर त्यांनी लिहिलं: थर्मामीटर चांगला होता. वाचणारी माझी मुलगी होती. तिला नेमलेलं नव्हतं. सही माझी आहे आणि चूकही माझी. तिची उंची कमी पडत होती. ती दरवर्षी वाढत होती.

खालच्या रकान्यात, चूक वाचण्यातली असल्यास, वाचणाऱ्याच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची विचारली होती. माहीत असल्यास. पेन तिथे अडकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते पेटीकडे निघाले, तेव्हा बायको शिवणाच्या डब्यातली मोजपट्टी घेऊन मागोमाग आली. आता आकडे नवं यंत्रच आपोआप पाठवतं, पण पेटीत तसाच पारा अजून आहे आणि निरीक्षक रोज तो ताडून पाहतात. त्यांनी दार उघडलं, सरळ उभं राहून वाचलं. मग पेटीला धरून हळूहळू गुडघ्यांत वाकू लागले. गुडघे कुरकुरले. पारा होता तिथेच होता, पण खुणेवर एक दशांश खाली दिसू लागला. ते आणखी वाकले. दोन दशांश.

"इथे," ते म्हणाले.

बायकोने जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंत पट्टी धरली आणि आकडा मोठ्याने सांगितला. एकशे छत्तीस. मग पट्टी सोडून तिने हात डोळ्यांवरून कपाळ, केस मोजत अर्धी वीत वर नेला. टाचा आठवल्या, तसा तो थोडा खाली आणला. तळवा हवेत पालथा धरून ती उभी राहिली.

निरीक्षक त्याच उंचीवर थोडा वेळ थांबले. इथून पाऱ्याकडे मान वर करून पाहावं लागत होतं. मग ते सावकाश उठले, डोळा रेषेत आणून पुन्हा वाचलं आणि खरा आकडा वहीत लिहिला.

बायकोचा तळवा अजून तिथेच होता. पेटीचं दार त्यांनी जपून, बाहेरून वळसा देत लावलं, तिथे कुणाला लागू नये अशा बेताने.